ठकाईची घोंगडी

पाहुणे, मेंढरू हात लावून बघा, दात बघा, हवं तेवढं पारखा. पण आत्ता तुम्ही जे बोललात ना, “भावाचं पलीकडे गेल्यावर बघू”, ते या बेटावर पुन्हा बोलू नका. पाण्याकाठचा तो काळा दगड दिसतोय, घोंगडी पांघरलेला? तो ठकाईचा. त्याच्यासमोर असलं बोलणं आम्हाला खपत नाही.

चारी बाजूंनी नदी. पूर्वी इथं होडी एकच, आणि ती दलालाची. मेंढरं आमची, पावसापाण्यात राखण आमची. भाव मात्र तो सांगायचा, तोही कळप पलीकडच्या काठावर उतरवल्यावर. निम्मा सांगायचा मेला. नको म्हणावं तर परतीचं भाडं म्हणून निम्मी मेंढरं मागायचा. तिकडे चरायला कुरण नाही, मुक्कामाला जागा नाही. माणसं मान खाली घालून देऊन यायची. मला अजून संताप येतो.

ठकाई एकटी बाई, नवरा गेलेला. दुष्काळात स्वतः अर्धपोटी राहून तिनं कळप जगवला होता, असं सांगतात. थोडी मेंढरं विकून वर्षाचं धान्य भरायचं तिच्या मनात. निवड तिकडे करू म्हणून दलालानं अख्खा कळप पलीकडे नेला आणि निम्मा भाव सांगितला. त्या भावात धान्य भरायचं तर पैदाशीच्या मेंढ्याही द्यायला लागणार, म्हणजे कळपच संपला.

“माझी मेंढरं मी परत नेते,” ती म्हणाली.

“ने की. पोहत ने.”

काठावरची आपलीच माणसं हसली म्हणे. त्यांना काय म्हणावं?

ती भांडत बसली नाही. लोकर भिजून जड झाली की मेंढरू बुडतं, हे इथं शेंबड्या पोरालाही कळतं. तिनं कमरेची कातर काढली आणि एकेक मेंढरू तिथंच कातरलं. चिखलात पडलेली लोकर दलालानं गोळा केली. त्याच्याकडून दुसरं काय व्हायचं! दिवस कलला तेव्हा एडक्याचं शिंग धरून ती पाण्यात शिरली. मागोमाग सगळा कळप.

एकूणएक मेंढरू पोहून या काठाला लागलं, अंग झाडून उभं राहिलं. ठकाई आली नाही. सगळ्यांच्या अंगावरची लोकर उतरवली बाईनं, स्वतःच्या खांद्यावरची घोंगडी तेवढी राहिली. रोजची पांघरलेली, तिचं ओझं वाटतच नाही हो.

घोंगडी या दगडाला अडकलेली सापडली. दलाल म्हणे देऊळ बांधून द्यायला निघाला होता. लोकांनी त्याची होडी काठाला लागू दिली नाही. त्या वर्षी खायचे हाल झाले, पण मेंढरू पलीकडे गेलं नाही. शेवटी घेणारेच आपापल्या होड्या घेऊन इकडे आले.

आजही मेंढरू इथून कातरूनच होडीत चढतं. त्याआधी विकणारा आपली घोंगडी खाली ठेवतो, आणि घेणाऱ्यानं दगडावरच्या घोंगडीवर हात ठेवून भाव मोठ्यानं सांगायचा. ही बघा, माझी मी उतरवली. आता ठेवा हात, आणि सांगा.