आजोबांची वाटी

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा डोंगरांनाही नावं पडली नव्हती. मोहाच्या रानात एक वाडी होती, आणि त्या वाडीतल्या एका तरुण आईला झोप लागत नव्हती.

काळजी अशी, की पोर आता आजीबरोबर मोहाची फुलं वेचायला जायला लागली होती. आज ना उद्या ती विचारणार, "आई, आजी करते ते चांगलं की वाईट?" तेव्हा काय सांगायचं?

आजी, म्हणजे हिची सासू, मोहाची दारू गाळायची. तिच्यासारखा हात आसपास कुणाचा नव्हता. नुसत्या वासावरून ती चुलीचा जाळ कमी-जास्त करायची. शेवटची करपट धार ओतून द्यायची. दोन वाट्यांवर तिसरी वाटी तिनं कधी कुणाला दिली नाही. घर त्यावरच चालायचं. सून बाळंत झाली तेव्हा सासूनं याच दारूनं तिची पाठ चोळली होती.

पण सुनेचा बाप दारूपायीच गेला होता. शिवाय ती चार बुकं शिकलेली. दारूबद्दल बुकात काय लिहिलंय ते तिला पाठ होतं. पाठ चोळून घेताना मात्र बुक आठवलं नव्हतं, हेही ती विसरली नव्हती.

सकाळी भिंगरीनं, तिच्या पाच वर्षांच्या लेकीनं, विचारलंच.

आईची त्रेधा उडाली. "विष असतं ते!" ती म्हणाली. एका शब्दात सुटले, असं तिला वाटलं.

आता त्या वाडीची रीत अशी, की हंगामाची पहिली धार पूर्वजांची. ती भुईवर सोडताना कुणी मध्ये बोललं, तर त्या घरानं त्या हंगामात भट्टी लावायची नाही.

चार दिवसांनी सगळी वाडी अंगणात जमली. सासूनं वाटी भरली, गेलेल्या नवऱ्याचं स्मरण केलं आणि वाटी कलती केली.

"आजी, नको!" भिंगरी किंचाळली. "आई म्हणाली, विष असतं ते! आजोबा मरतील ना!"

एक म्हातारा फिसकन हसला. "ते एकदा मेलेत, पोरी."

बाकी कुणी हसलं नाही. सासूनं वाटी खाली ठेवली, चुलीवर पाणी ओतलं आणि सुनेकडे वळली.

"विष म्हणालीस होय? मग बाळंतपणात का नाही म्हणालीस गं?"

"आत्याबाई, मला... मला काही कळतच नाही हो."

"मग तेच सांगायचं होतंस की पोरीला! मला तरी कुठं कळतंय? चाळीस वर्षं गाळतेय. दोन वाट्या घेऊन गेलेला माणूस घरी जाऊन हसला की त्यानं बायकोवर हात उचलला, ते मी काय बघायला जाते?"

हंगामभर भट्टी थंड राहिली. घरात एकच वेळ चूल पेटू लागली. निदान वाडीचं पिणं तरी सुटेल, असं सुनेला वाटलं. कुठलं काय! माणसं ओढ्यापलीकडच्या झोपडीत जाऊ लागली. तिथला गाळणारा घाईचा. मडक्यात नवसागर टाकायचा, करपट धारही विकायचा आणि कुणाला पुरे म्हणायचा नाही. हंगाम सरेस्तोवर दोघांचे डोळे गेले. त्यातला एक तो हसणारा म्हातारा.

सून आणखीच गोंधळली. दारू जर वाईट, तर भट्टी बंद पडून वाईट कसं झालं? आणि आजीची दारू जर चांगली, तर आपला बाप कशानं गेला? उत्तर तिला सापडलं नाही. खरं सांगायचं तर या गोष्टीलाही ते ठाऊक नाही.

पण एवढं तिला उमगलं. तिनं लेकीला मांडीवर घेतलं. "भिंगरे, मी चुकले. ते चांगलं की वाईट, मला नाही माहीत. आपल्याला नक्की माहीत नसेल, ते नक्की आहे म्हणून लेकराला सांगू नये."

या गोष्टीचा बोध तो हाच. भिंगरीनं तो नीट ऐकून घेतला आणि म्हणाली,

"मग भुतं नसतात म्हणतेस, ते तरी नक्की माहीत आहे का?"