चुंदीचा फुगीर मुकुटाचा पैसा

एका गावात होती एक तांबट आळी. तिथे तांबट दिवसभर तांब्याची भांडी ठोकायचे. ठण ठण, ठण ठण. त्या आळीत एक भिंत. भिंतीत एक बीळ. आणि बिळात कोण? चुंदी चिचुंद्री.

चुंदी एवढीशी. नाक लांब, शेपूट लांब, मिशा लांब लांब. डोळ्यांनी तिला कमीच दिसायचं. पण मिशा लावल्या, की सगळं कळायचं.

चुंदीला नाद होता जुन्या पैशांचा. भोकाचे पैसे, बरं का. फार फार जुने. आता कुणी दुकानात घेत नाही. मधे भोक, वर राजाचा मुकुट. आपल्याला सगळे सारखेच दिसतील. चुंदीचं तसं नव्हतं. ती पैशावर मिशा फिरवायची. फुर फुर, फुर फुर.

“हा चपट्या मुकुटाचा. हा ठिपक्याचा. हा बिनठिपक्याचा.”

फुगीर मुकुटाचा मात्र एकच होता. तसा दुसरा तिला कुठे सापडलाच नव्हता. म्हणून तो तिचा फार लाडका.

एके सकाळी चुंदीने पैसे उन्हात मांडले. मांडता मांडता ती वळली. शेपटीचा लागला धक्का. फुगीर मुकुटाचा पैसा कडेवर उभा राहिला आणि उतारावरून निघाला. गरगर गरगर, गरगर गरगर. गेला थेट केरूबा तांबटाच्या दारात. खण्ण! पडला मोडीच्या ढिगात.

मोड म्हणजे जुनं तांबं. फुटकी भांडी, वाकड्या पळ्या, भोकाचे पैसे. ते सगळं भट्टीत जायचं. तिथे वितळायचं. मग पैसा कुठला आणि मुकुट कुठला!

चुंदी धावली. तुरुतुरु, तुरुतुरु.

“चुक चुक! केरूबाकाका, माझा पैसा तुमच्या ढिगात पडला. द्या ना.”

केरूबा हसला. पायाशी एक भोकाचा पैसा पडला होता, तोच त्याने पुढे केला.

“हा घे.”

चुंदीने मिशा लावल्या. फुर फुर.

“हा नाही, काका. याचा मुकुट चपटा. माझ्या पैशाचा फुगीर.”

“अगं, पैसा तो पैसा. सगळे सारखेच!”

“सारखे नाहीत, काका.”

“बरं बाई, शोध तुझा तू. पण ढिगावर मनी मांजर निजली आहे. मी उठवलं तर बोचकारते मला. ती उठली, की ढीग उपस. आणि लवकर हं. ऊन भट्टीवर आलं, की मी भट्टी पेटवणार.”

चुंदीने नाक वर केलं. ऊन उंबऱ्यावर आलं होतं.

ती मनीपाशी गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

“चुक चुक! मनीताई, मनीताई, उठ ना गं.
मनी उठली, की ढीग उपसेन.
ढीग उपसला, की माझा पैसा मिळेल.”

मनीने एकच डोळा उघडला.

“शी! केवढा वास! तुला खायचीसुद्धा सोय नाही. मी नाही उठणार. आधी दूध दे. तांबड्या शेळीचं हं. पांढरीचं नको. मला चवीवरून कळतं.”

आणि डोळा मिटला.

चुंदी गोठ्यात गेली. तुरुतुरु, तुरुतुरु. तिथे दोन शेळ्या. एकीच्या पायाला मिशा लावल्या. केस मऊ. ही नाही, ही पांढरी. दुसरीच्या पायाला लावल्या. केस राठ. हां, ही तांबडी.

“चुक चुक! शेळीमावशी, शेळीमावशी, दूध दे ना गं.
दूध मनीला, मनी उठेल.
मनी उठली, की ढीग उपसेन.
ढीग उपसला, की माझा पैसा मिळेल.”

“बें! मी नाही देणार. आधी पाला दे. विहिरीजवळच्या बोरीचा. दुसरा मला गोड लागत नाही.”

चुंदी बोरीपाशी गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

“चुक चुक! बोरीबाई, बोरीबाई, पाला दे ना गं.
पाला शेळीला, शेळी दूध देईल.
दूध मनीला, मनी उठेल.
मनी उठली, की ढीग उपसेन.
ढीग उपसला, की माझा पैसा मिळेल.”

“कुठून देऊ, बाळा?” बोर म्हणाली. “पानं बघ, कशी माना टाकून बसलीत. आधी पाणी दे.”

विहिरीच्या पायरीवर सगुणाबाई बसली होती. रोज बोरीला तीच पाणी घालायची. आज नुसती बसली होती, गाल फुगवून. चुंदी तिच्यापाशी गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

“चुक चुक! सगुणाबाई, सगुणाबाई, पाणी द्या ना.
पाणी बोरीला, बोर पाला देईल.
पाला शेळीला, शेळी दूध देईल.
दूध मनीला, मनी उठेल.
मनी उठली, की ढीग उपसेन.
ढीग उपसला, की माझा पैसा मिळेल.”

“नाही गं बाई!” सगुणाबाई म्हणाली. “मी नाही पाणी काढणार. त्या केरूभाऊकडे माझा हंडा दिला, नवं बूड बसवायला. आणि परत काय दिलं? हा! कुणाचा आहे कोण जाणे. वर मलाच म्हणतो, वैनी, हंडा तो हंडा, सगळे सारखेच. सारखे म्हणे! माझ्या हंड्याला पोटाशी एक पोचा आहे. कमरेवर घेतला, की नेमका तिथे बसतो. पोरासारखा. हा मेला निसटतोय. आधी माझा हंडा आण.”

चुंदी जराशी थांबली. तिला वाटलं, अगं, यांचंही माझ्यासारखंच आहे की.

मग ती धावली. पुन्हा केरूबाच्या दारात. तुरुतुरु, तुरुतुरु. ऊन आत आलं होतं. भट्टीच्या अगदी जवळ.

“चुक चुक! केरूबाकाका, केरूबाकाका, हंडा द्या ना.
हंडा सगुणाबाईला, सगुणाबाई पाणी देईल.
पाणी बोरीला, बोर पाला देईल.
पाला शेळीला, शेळी दूध देईल.
दूध मनीला, मनी उठेल.
मनी उठली, की ढीग उपसेन.
ढीग उपसला, की माझा पैसा मिळेल.”

केरूबाने डोकं खाजवलं. भिंतीशी हंडेच हंडे. सगळे तांब्याचे. सगळे गोल.

“यातला कुठला देऊ? मला तर सगळे सारखेच.”

“मी बघते, काका.”

चुंदी हंड्यांवर मिशा फिरवत निघाली. फुर फुर.

“हा नाही. याला पोचा नाही.”

फुर फुर.

“हा नाही. पोचा आहे, पण गळ्याशी.”

फुर फुर. फुर फुर.

“हा! काका, हा!”

केरूबाने हंड्यावर हात फिरवला. पोटाशी पोचा होता. हळूच आत गेलेला, गुळगुळीत. रोज रोज कमरेवर बसून झालेला. हा पोचा तो आजच ठोकून काढणार होता. त्याने हातोडी खाली ठेवली. हंडा उचलला आणि विहिरीवर गेला.

“वैनी, हा घ्या.”

सगुणाबाईने हंडा कमरेवर घेतला. बसला! नेमका बसला!

“हाच गं माझा हंडा!”

मग काय! सगुणाबाईने पाणी काढलं. बुडुक बुडुक.
पाणी बोरीला घातलं. बोरीने पाला दिला. सळसळ सळसळ.
पाला शेळीला घातला. शेळीने दूध दिलं. चर्र चर्र.
दूध मनीपुढे ठेवलं. मनीने आधी जीभ लावून बघितली. तांबडीचंच! लप लप, लप लप.
मनी उठली. आळस दिला. शेपूट उंच करून निघून गेली.

आणि ऊन? ऊन भट्टीवर आलं होतं.

चुंदी घाबरली. “काका, ऊन आलं!”

“येऊ दे,” केरूबा म्हणाला. “तू शोध सावकाश.”

चुंदी ढिगात शिरली. पळ्या बाजूला. झाकणं बाजूला. पैशावर पैसा. फुर फुर. “हा चपटा.” फुर फुर. “हाही चपटा.” फुर फुर. “हा ठिपक्याचा.” फुर फुर, फुर फुर, फुर फुर...

“काका! सापडला! माझा पैसा!”

“दे बघू इकडे.”

केरूबाने पैसा हातात घेतला. डोळे मिटले. मुकुटावर अंगठा फिरवला. हळू. अगदी हळू.

“फुगलाय गं,” तो म्हणाला. “खरंच फुगलाय.”

त्याने पैसा चुंदीला परत दिला. चुंदीने तो कडेवर उभा केला, नाकाने ढकलला आणि घरी नेला. गरगर गरगर, गरगर गरगर.

केरूबा तिथेच बसला. त्याने मोडीचा ढीग जवळ ओढला. एक पैसा उचलला, अंगठा फिरवला, बाजूला ठेवला. दुसरा उचलला.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. “काय केरूबा, भट्टी अजून पेटली नाही?”

“थांबा जरा,” केरूबा म्हणाला. “आधी बघू तर द्या, यात कोण कोण आहे ते.”

चुंदी गेली बिळात, पैसा बसला जागेवर, आणि गोष्ट राहिली तुमच्यापाशी.