मागच्या दाराची कडी

लग्नाची रजा संपवून मी कॉलेजच्या संगणक विभागात परतले, तर संचालक घोरपडेसरांचा नवा हुकूम तयार होता. डीएनएस म्हणजे इंटरनेटवरची पत्त्यांची जाहीर नोंद. तिथे मशीनच्या नावापुढे त्याचा प्रकार आणि ऑपरेटिंग सिस्टिमही लिहायची सोय असते. सर बैठकीत म्हणाले, सगळ्या मशीनचं सगळं भरा.

"सर, विद्यार्थ्यांचे गुण ठेवलेला सर्व्हर फार जुना आहे, नवा घ्यायचं तुम्ही पुढच्या वर्षावर टाकलंय. त्याची सिस्टिम जगाला कळली, तर आत कसं शिरायचं तेही चोराला कळेल."

"आपला कारभार पारदर्शक आहे! जमत नसेल तर उद्यापासून वसतिगृहाच्या कचेरीत बसा." मग भर बैठकीत सर मिशीतल्या मिशीत हसले. "की उखाण्यात पटवून देता, नव्या सूनबाई? पटलं तर हुकूम मागे."

सगळे हसायला लागले. डोक्यावर घ्यायला पदर नव्हता, म्हणून मी ओढणी सावरली आणि उखाणा घेतला.

"पाटीवर लिहिलं नाव, पत्ता दिला साऱ्यांना,
मागच्या दाराची कडी ढिली, सांगते फक्त निरंजनरावांना."

"फक्त कुठे?" सरांनी टेबलावर थाप मारली. "आता आम्हा सगळ्यांना कळलं की!"

"हो ना, सर. म्हणून आज घरी जाताना नवी कडी घेऊन जाणार आहे. सर्व्हरची नवी कडी मात्र तुम्हीच पुढच्या वर्षावर ढकललीय."

आधी ग्रंथपाल पेंढारकरबाई हसल्या, मग सगळेच. सरांनी हुकुमाचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

कडी मात्र मला खरंच आणावी लागली. ती ढिली होतीच.