वारं वळवणारा पडदा

माणूस कोळशासाठी नुकताच जमिनीच्या पोटात उतरू लागला होता, तेव्हाची गोष्ट. एका खाणीत, गोणपाटाच्या पडद्यामागच्या भेगेत उंदरीण बाळंत झाली. धाकटं पिल्लू अगदीच नाजूक होतं.

"अहो पडदेभाऊजी, पोरांना गार वारं लागतंय. पडदा ना तुम्ही? मग अडवा की!"

"वहिनी, घरातला पडदा वारं अडवतो. मी ते आत वळवतो, खणणाऱ्यांसाठी."

"माणसांचं मेलं कौतुक!" म्हणत तिनं त्याची दोरीच कुरतडली. पडदा धपकन पडला.

वारं थांबलं. पण मग कोळशाची धूळ तिथंच घुटमळू लागली, भेगेत शिरली, आणि धाकटं खोकता खोकता निपचित पडलं.

उंदरीण धावत सुटली आणि खणणाऱ्या दाजीबाच्या पायाला कडकडून चावली.

"थांब, बघतोच तुला!" म्हणत तो पडद्याकडे पळणाऱ्या तिच्या मागे धावला आणि पडलेला पडदा पाहून थबकला. त्यानं दोरीला गाठ मारून पडदा पुन्हा ताणला. वारं आलं, धूळ घेऊन गेलं. धाकटं हललं आणि शिंकलं.

"गार लागतंय ना, वहिनी?" पडद्यानं चिडवलं.

"लागू द्या हो, भाऊजी," ती डोळे पुसत म्हणाली. "शिंकायलासुद्धा श्वास लागतो. तो तुम्ही दिलात."