चिताऱ्यांच्या शाळेचे दार

जरा मान खाली घालून या, दाराची चौकट डोक्याला लागते. मुंबईचे पाहुणे हमखास आपटतात. आमच्या खाजणवाडीत गणपती घडवतात त्या जागेला शाळा म्हणतात, आणि ही सगळ्यांत जुनी. तीन भिंती चिऱ्याच्या आहेत आणि दाराकडची ही चौथी तेवढी मातीची. ती का, त्याची हकिगत अशी सांगतात.

पूर्वी इथे जिवबा चिताऱ्याचे राहते घर होते. ठेंगणे, काळोखे. तो त्यातच वीतभर उंचीचे गणपती करायचा. एका वर्षी गावात पटकी आली आणि गावाने नवस बोलला, की साथ हटली तर दरवर्षी पुरुषभर उंचीचा गणपती पुजू. साथ हटली. मूर्तीचे काम अर्थातच जिवबाकडे आले, पण घरात आढ्याखाली तो स्वतःच धड उभा राहत नव्हता. घर पाडून उंच शाळा बांधायची आणि आपण मागच्या पडवीत राहायचे, असे त्याने ठरवले.

हे ऐकून त्याची आई भागीरथी उठून दाराशी गेली. तिचा नवरा रंगीत खेळणी विकायला गलबताने गेला होता, त्याला बावीस वर्षे झाली होती. गाव त्याला मेला म्हणे. ती मात्र कुंकू लावीत असे. दाराची फणसाची चौकट त्यानेच स्वतःच्या हाताने केली होती.

"पाड सगळा," ती जिवबाला म्हणाली. "पण चौकटीक हात लावू नको, झिला. ते इले तर खंयच्या दारात उबे रवतले?"

जिवबाने गावदेवीची शपथ घेऊन शब्द दिला. घर पाडले, चौकट होती तिथेच राहिली आणि तिच्याभोवती शाळा उभी राहिली. आढे दुप्पट उंच केले, उजेडाला झरोके ठेवले. पाट, मूर्ती, मुकुट, सगळे त्याने सुतळीने मोजले. दार तेवढे कोणीच मोजले नाही, कारण जन्मभर वाकून ये-जा केलेल्या त्या माणसांना ते ठेंगणे आहे हे जाणवतच नव्हते.

हरितालिकेच्या दिवशी मूर्तीचे डोळे आखून झाले. गावकरी ढोल घेऊन आले, पाटाला खांदे लागले, आणि मुकुट चौकटीच्या हातभर वर राहिला. डोळे आखलेली मूर्ती मोडता येत नाही, आणि कच्च्या मातीची मूर्ती आडवीही करता येत नाही. इकडे नवस, तिकडे आईला दिलेला शब्द.

"चौकट तोड," गावातले वडीलधारे म्हणाले. "देवापेक्षा लाकूड मोठा काय?"

जिवबाने कुऱ्हाड उचलली. भागीरथी येऊन दारात उभी राहिली. तिने कोणाला दूषण दिले नाही. कोपऱ्यातली कुदळ घेतली आणि शेजारच्या भिंतीवर, जी तिने स्वतः लिंपली होती, पहिला घाव घातला.

"देवाक खंयसूनय वाट गावतली," ती म्हणाली. "माणसाक वळखीचाच दार व्हया."

जिवबाने कुऱ्हाड टाकली आणि आईच्या हातातली कुदळ घेतली. घटकाभरात भिंत आडवी झाली आणि गणपती उभाच्या उभा उजेडात गेला. विसर्जनानंतर मायलेकांनी भिंत पुन्हा उभी केली ती मातीचीच, कारण पुढच्या वर्षीही ती पाडायची होती.

भागीरथीचा नवरा परत आला का, असे पाहुणे हटकून विचारतात. ते कोणालाच ठाऊक नाही.

आजही हरितालिकेला जिवबाच्या घराण्यातली सर्वांत म्हातारी बाई भिंतीवर पहिला घाव घालते आणि गणपती तिथून बाहेर पडतो. भिंत पडली की कुठूनही आत जाता येते, तरी आमची माणसे वाकून दारातूनच जातात. दार नीट बघा. दोनदा फळ्या बदलल्या, बिजागऱ्याही बदलल्या, पण त्याला कडी कधीच बसवलेली नाही.