नावाडी दगडावर चढतो

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा सभा वेळेवर सुरू होत असत.

नदीकाठच्या एका गावात रीत होती. चावडीपुढच्या दगडावर उभं राहून जो बोलेल, त्याचंच बोलणं धरायचं. कानात सांगितलेलं वाऱ्यावर. या रीतीने गावात शहाणपण वाढलं नाही, पण दगड मात्र गुळगुळीत झाला.

त्या गावात एक नावाडी होता. वय साठीपलीकडचं. नावेत त्याची जीभ वल्ह्यापेक्षा जास्त चाले. दगडाची मात्र त्याला धास्ती. तरुणपणी एकदा तो दगडावर चढला होता, तेव्हा तोंडातून फक्त उचकी आली होती. तो खाली उतरला. उचकी गावाने जपून ठेवली.

एका वर्षी पाटलांनी ठरवलं, की देवीची पालखी पलीकडच्या देवळात नावेतून न्यायची नाही. खालच्या उतारातून, जिथे पाणी गुडघाभर असे, साऱ्या गावाने, पोराबाळांसकट, पायी जायचं. मागच्या पुरात तिथली रेती खचून डोह झाला होता. वरून पाणी तसंच संथ दिसे. नावाड्याने हे पाटलांच्या कानात सांगितलं.

"दगडावर उभा राहून सांग," पाटील म्हणाले. "आणि उचकी घरी ठेवून ये."

नावाड्याने गावच्या शास्त्र्यांकडून भाषण लिहून घेतलं आणि तीन दिवस घोकलं. "हे सुज्ञ ग्रामस्थहो, सरिता ही मातेसमान..."

बायको चुलीपाशी ऐकत होती. "अहो, यात डोह कुठे आहे?"

"डोह शेवटी येतो."

"तोवर लोक बुडतील की."

सभेच्या दिवशी आपला लांब बांबू टेकत तो दगडावर चढला. "हे सुज्ञ..." एवढं बोलला आणि पुढची सरिता आटली.

"येऊ दे, बाबा, उचकी येऊ दे," मागून कोणीतरी म्हणालं. हशा पिकला. गंमत बघायला माणसं उठली, एका बाजूला रेटू लागली.

असली रेटारेटी नावाड्याने नावेत हजारदा पाहिली होती. सवयीने त्याने बांबू दगडावर आपटला. "खाली बसा. एका अंगाला झुकू नका. पोरं मध्ये घ्या."

सगळी सभा बसली. हा हुकूम त्यांनी लहानपणापासून पाळला होता. पाटीलही बसले, आपण पाटील आहोत हे त्यांना नंतर आठवलं.

नावाड्याने समोर पाहिलं. हे तर आपलेच उतारू. त्याने बांबू उभा धरला.

"खालच्या उतारात डोह झालाय. हा बांबू दोन पुरुष उंच आहे. काल तिथे टाकला, तळ लागला नाही. पालखी नावेतूनच जाईल, माणसंही. ज्याला घाई असेल त्याने पोहायला शिकावं."

"भाड्यासाठी बोलतोयस," पाटील म्हणाले.

"त्या दिवशी भाडं नको. चला, बांबू तुम्हीच टाका."

सगळे नदीवर गेले. पाटलांनी नावेतून वाकून त्या उतारात बांबू खाली सोडला. तो पार बुडाला, आणि पाटलांचा हात कोपरापर्यंत भिजला.

"पालखी नावेतून जाईल," पाटलांनी जाहीर केलं, जणू कल्पना त्यांचीच होती.

त्या वर्षी गावातलं एकही माणूस बुडालं नाही. पुढे नावाडी प्रत्येक सभेत बोलू लागला, आणि त्याला दगडावरून उतरवायला बायकोला यावं लागे.

तात्पर्य: आपण कसे दिसतो ही चिंता सोडून समोरच्याचं काय होईल ही चिंता धरली, की कोणत्याही वयात वाचा फुटते.