नदीकाठचा गोल खडा

एक सांगा. तातडीचा निरोप आहे, तो पुढे पोचवायला दोघे तयार आहेत. एकाची ढोली खड्यांनी काठोकाठ भरलेली, दुसऱ्याच्या ढोलीत जेमतेम दोन खडे. विश्वास कोणावर टाकाल?

एका राज्यात हाका मोजून मिळत. प्रत्येक पाखराला दिवसाला चाळीस. त्या संपल्या की दुसऱ्या सकाळपर्यंत घसा बंद. कड्यावरच्या गरुडाला सगळं राज्य दिसे, पण त्याची हाक दरीत उतरता उतरता विरून जाई. आधी सगळेच एकदम ओरडून त्याला विचारत. त्या कलकलाटात कोणालाच काही कळत नसे. मग रीत पडली. जवळच्याने ऐकावं आणि आपली हाक खर्चून पुढच्याला सांगावं. ज्याला निरोप मिळाला, त्याने आपल्या जागेवरचा एक खडा आणून सांगणाऱ्याच्या झाडाखाली, बुंध्यातल्या ढोलीत टाकावा. ज्याचे खडे जास्त, त्याच्याकडे पुढचा निरोप.

निरोप कोणाकडे द्यायचा ते साळुंकी ठरवी. दरीच्या मधोमध चिंचेवर बुलबुल राही.

"काय बुलबुलराव, ढोली ओसंडतेय की."

"लोकांचा लोभ, साळुंकीबाई. आम्ही काय, नुसता घसा."

शेजारी उंबरावर भारद्वाज होता. खडे दोनच, म्हणून त्याला कोणी काही सांगत नसे. बुलबुल मात्र आपल्या हाका गाण्यासाठी राखून ठेवी आणि निरोप गिळून टाकी. जो निरोप पोचलाच नाही, त्याची तक्रार कोण करणार?

एका सकाळी गरुडाला वरच्या अंगाला नदी फुगलेली दिसली. खाली वाळूत टिटवीची तीन पिल्लं होती, दोन दिवसांची. चालणारी, पण उडता न येणारी. साळुंकीने बुलबुलाला निरोप दिला. त्याने मान डोलावली आणि तान घेतली.

भारद्वाजाने शेजारून सगळं ऐकलं होतं. बुलबुल हाक देईल म्हणून तो थांबला. तान लांबतच गेली, तेव्हा त्याने आपल्या जाड आवाजात हाक टाकली, आणि टाकत राहिला. एकोणचाळिसावीला वाळूतून उत्तर आलं.

पाणी आलं तेव्हा पिल्लं दरडीवर होती.

दुपारी टिटवीने एक गोल, गुळगुळीत खडा भारद्वाजाच्या ढोलीत टाकला. आधीचे दोन्हीही तसेच गोल, नदीकाठचे होते. मग ती चालत चिंचेखाली गेली. तिथे साळुंकी मोजत होती.

"एकशे बारा," साळुंकी म्हणाली.

"जरा बाहेर काढा बघू, बाई."

साळुंकीने एकेक खडा खाली टाकला. सगळे तांबडे, कोपरे असलेले. चिंचेखालच्या मुरमात पडले आणि त्यातला ढोलीतला कुठला, ते तिलाच ओळखता येईना.

"नुसते मोजू नका, बाई," टिटवी म्हणाली. "चोचीत धरून पाहत जा. हिशेब खरा ठेवा, एवढंच मागणं आहे."